ऊब असेल तर हिरवी

तीर्थपुरी,
१४ ऑक्टोबर १९८९

ती. दादास बेबीनंदाचा नमस्कार.

तुझं जर्मनीचं पत्र पुंजाराम पोस्टमननं मळ्यात आणून दिलं आणि वर तिकिटासाठी हट्ट धरून बसला. शेवटी कात्रीनं कापून दिलं, त्यात मागच्या बाजूच्या दोन ओळी गेल्या. त्यात काही महत्त्वाचं असेल तर परत लिही. नसेलच म्हणा.

मी दसऱ्यालाच माहेरी आले. तुझे मेहुणे मंठ्याहून येऊन सोडून गेले. सातवा लागेल आता. अण्णा गेल्यापासून आई मळ्यात एकटीच असते, त्यामुळे मी आल्यावर तिला बरं वाटेल असं मला वाटलं होतं. पण ती बोलता बोलता माझ्या पोटाकडं बघते आणि गप्प होते.

कारण तुला माहीत आहे. तरी लिहिते, कारण ते लिहिल्याशिवाय पुढचं मागता येणार नाही. पहिली पोरगी आठव्या दिवशी गेली. दुसरा पोरगा पौषात गेला, महिन्याचाही झाला नव्हता. दोन्ही बाळंतपणं ह्याच घरात, आईच्याच हातची. दोन्ही वेळा डॉक्टर एकच बोलले, लेकरू गारठलं. आणि दोन्ही वेळा आई सांगत होती की तिनं हात लावून बघितला होता, अंग चांगलं गरम होतं. पहाटे हौदाच्या गार पाण्यात भांडी घासायची आणि त्याच हातानं लेकराचं अंग बघायचं, म्हणजे ते गरमच लागणार. हे तूच मला नंतर समजावून सांगितलंस. मी शहाणपणा करून आईला सांगितलं, आणि तेव्हापासून तिचा स्वतःच्या हातावरचा विश्वासच उडाला. भाकरी टाकायच्या आधी ती मला विचारते, तवा तापला का बघ गं.

तू मागं त्या रबराबद्दल लिहिलं होतंस. अंगावर ठेवलं की ऊब ओळखून रंग बदलतं म्हणून. ते मी आईला वाचून दाखवलं तेव्हा ती चूल फुंकता फुंकता थांबली. म्हणाली, "भुजंगाला लिव्ह. त्ये रबर आपल्याला पाठव म्हणावं."

दादा, पाठवशील? तू तिथं काय करून राह्यलास हे गावात कोणालाच कळत नाही. मामा तर सगळ्यांना सांगतात, भाचा टायरच्या कारखान्यात आहे. मीही तुझी थट्टा करते. पण ह्या वेळी थट्टा नाही. मला तिसऱ्यांदा ते बघायचं नाही.

तुझी,
बेबी

•

फ्रायबुर्ग,
१२ नोव्हेंबर १९८९

चि. बेबीस अनेक आशीर्वाद.

कापलेल्या दोन ओळींत इथल्या उकडलेल्या बटाट्यांबद्दल तक्रार होती. पुंजारामच्या कात्रीनं साहित्याचं काही नुकसान झालेलं नाही.

तुझं पत्र आल्यापासून दुसरं काम हातात धरलेलं नाही. पाकिटात पातळ कागदात गुंडाळलेली एक पट्टी आहे. करंगळीएवढी लांब, पाठीमागून काळी. एवढीच चांगली निघाली. बाकीच्या कुठं ढगाळ झाल्या, कुठं फाटल्या. हरवू नका, दुसरी करायला मला दोन महिने लागतील.

आईला समजेल असं सांगतो. ह्या रबराच्या आत लांबट कण असतात, आणि ते वेणीच्या पेडासारखे वळत वळत बसलेले असतात. गारठा असला की वेणी सैल. ऊब लागली की वेणी घट्ट होत जाते. वेणी किती घट्ट आहे त्यावर प्रकाशातला कुठला रंग परत फिरायचा ते ठरतं. रंग लावलेला नाही, त्यामुळे पुसलाही जात नाही. गार असेल तर पट्टी काळी दिसेल. थोडी ऊब आली की तांबूस. बाळाला पाहिजे तेवढी ऊब असेल तर हिरवी. ताप असेल तर निळी. मी कोमट पाण्यात बघितली, माझ्या दंडावर बांधून थंडीत फिरून आलो, प्रत्येक वेळी थर्मामीटर लावला. बरोबर दाखवते.

बाळ झालं की ही पोटावर, बेंबीच्या वर, दवाखान्यातल्या चिकटपट्टीनं लावायची. काळी किंवा तांबूस दिसली की तू बाळाला उघड्या छातीशी धर, वरून गोधडी घे, शेगडी जवळ आण. हिरवी झाली की शेगडी दूर ठेव, धूर लेकराच्या छातीला चांगला नाही. निळी झाली तर पांघरूण कमी करा.

आणि हाताच्या अंदाजावर जाऊ नका. आईला सांग, ह्या वेळी हाताचं काम पट्टी करेल. तिनं फक्त बघायचं.

इथल्या प्राध्यापकांची परवानगी वगैरे मी बघून घेईन. तुझ्या यजमानांना, सर्जेरावांना नमस्कार.

तुझा,
भुजंग

•

तीर्थपुरी,
२० डिसेंबर १९८९

ती. दादास नमस्कार.

मामा झालास. पोरगा आहे. नऊ तारखेला झाला, महिनाभर आधीच. जालन्याला नेलं होतं, तिथं पाच दिवस काचेच्या पेटीत होता. पावणेदोन किलो. वजन वाढायला लागलं तेव्हा घरी पाठवलं. तुझे मेहुणे त्याच्याकडं बघायलाही घाबरतात. दारातूनच बघतात आणि मंठ्याची बस गाठतात.

आज बारसं होतं. आधीची दोन गेलेली, म्हणून आईनं नाव कडूबा ठेवलं. कडू असलं की कोणी उचलून न्हेत न्हाई, असं तिचं म्हणणं. मी म्हणाले, तुझ्या शिकलेल्या लेकाला हे कळलं तर तो तिकडून ओरडेल. तर म्हणाली, "त्याचं रबर बी ठेवू आन् माझं नाव बी ठेवू. कोन्तं कामाला येईल काय म्हाईत."

तुझं रबर कामाला आलं, दादा. घरी आल्याच्या तिसऱ्या पहाटे मी जागी झाले तर पट्टी तांबूस होती, आणि मी उठून बसेपर्यंत कडेनं काळी पडायला लागली. बाळ झोपलेलं, चेहरा शांत. पट्टी नसती तर मी परत झोपले असते, खरं सांगते. मी त्याला चोळीच्या आत घेतलं, आईनं शेगडी पेटवली, आणि आम्ही दोघी त्या करंगळीएवढ्या तुकड्याकडं बघत बसलो. आधी तांबूस झाली. मग मधोमध एक हिरवा ठिपका आला आणि तो पसरत गेला. आई रडायला लागली. मी पण. मग बाळही रडलं, आणि त्याचं रडणं इतकं छान वाटलं की आम्ही त्याला बराच वेळ गप्प केलंच नाही.

आता आईला पट्टीचं वेडच लागलं आहे. शेजारच्या साळूबाईला बोलावून दाखवते. कोणी हात लावायला गेलं की म्हणते, हात नका लावू, नुसतं पाहा.

एक अडचण आहे. चिकटपट्टी काढताना कातडं सोलून निघतं. पोट लाल झालंय आणि तो कळवळतो. काय करू ते लिही.

तुझी,
बेबी

•

फ्रायबुर्ग,
१ जानेवारी १९९०

चि. बेबीस आशीर्वाद, आणि माझ्या कडूबाला पापा.

तुझं पत्र मी जिन्यातच उभा राहून वाचलं आणि मग खाली जाऊन परत वर आलो, कारण मला कोणाला तरी सांगायचं होतं आणि सुट्टीमुळे इमारतीत कोणी नव्हतं. शेवटी झाडूवाल्या म्हाताऱ्या बाईला सांगितलं. तिला माझं जर्मन निम्मं कळलं, पण तिनं माझे दोन्ही हात धरले.

आठ वर्षं मी रसायनं ढवळतो आहे. सगळे विचारतात ह्याचा उपयोग काय, आणि मी मोठं तोंड करून सांगतो की पुढं होईल. तो हिरवा ठिपका तू लिहिलास ना, त्यासाठी मी अजून आठ वर्षं ढवळीन.

आता नीट ऐक. थंडी पौषात वाढेल, तेव्हा कंटाळा करू नका. पट्टी सांगेल तेच करायचं. आई म्हणेल पाय गार लागतात, हात गार लागतात. एवढ्या लहान लेकराचे हातपाय गारच लागतात, त्यावरून काही कळत नाही. पट्टी हिरवी असली की निश्चिंत राहा, आणि शेगडी खोलीच्या बाहेर. तुमच्या त्या बाळंतिणीच्या खोलीत धुरानं माणसाला माणूस दिसत नाही, ते मला माहीत आहे.

चिकटपट्टी सोसत नसेल तर लावू नका. दुसऱ्या कशानंही अडकवा. पट्टी अंगाला टेकलेली असली म्हणजे झालं.

बोरन्हाण पुढच्या संक्रांतीला मी आल्यावर करू.

तुझा,
भुजंग

•

तीर्थपुरी,
१४ जानेवारी १९९०

ती. दादास नमस्कार. तिळगूळ घे, गोड बोल. तिळगूळ पाकिटात टाकणार होते, पण पुंजाराम म्हणाला जर्मनीला पोचेपर्यंत मुंग्याच पोचतील.

तुझं पत्र चार दिवसांपूर्वी आलं. चिकटपट्टीचा प्रश्न आईनं तुझ्या पत्राची वाट न बघता सोडवला होता. तू हसशील म्हणून मी लिहिणार नव्हते, पण तूच लिहिलंस की कशानंही अडकवा, म्हणून सांगते. पट्टीच्या दोन्ही टोकांना सुईनं भोक पाडलं, त्यात काळा दोरा ओवला आणि दृष्टीच्या मण्यांसोबत मनगटावर बांधून टाकली. मनगट केवढं, आपल्या अंगठ्याएवढं. सैल बांधली की सटकते, म्हणून आईनं चांगली ओढून गाठ मारली. आता दिसायला एकदम दागिना. साळूबाई म्हणाली, सोन्याची बी अशी दिसत न्हाई.

बांधली त्या दिवशी आम्ही घाबरलो होतो. बांधल्याबरोबर पट्टी निळी झाली. आई म्हणाली, लेकराला ताप भरला. मी हात लावून बघितलं तर तसं वाटत नव्हतं, पण तू हाताचं ऐकू नका म्हणालास. म्हणून शेगडी बाहेर काढली, दोन गोधड्या होत्या त्यातली एक काढली. तरी निळीच. मग टोपडं काढलं, खिडकीवरचं पोतं बाजूला केलं. संध्याकाळपर्यंत हिरवी झाली तेव्हा जिवात जीव आला. तेव्हापासून तसंच ठेवतो. रात्रंदिवस हिरवीगार. एकदाही तांबूस झाली नाही, काळी तर नाहीच. ह्या थंडीत, बघ! नीट झोप मिळते म्हणून आईच्या चेहऱ्यावरही टवटवी आली आहे.

कडूबा आता फार शहाणा झाला आहे. रडतच नाही. दिवसभर झोपतो. दूध थोडं कमी ओढतो, दोन घोट घेतले की दमतो, पण साळूबाई म्हणते लेकरं थंडीत सुस्तावतात. आई काल म्हणाली की त्याची पावलं बर्फावानी लागतात. मी तिला तुझं पत्र काढून वाचून दाखवलं. ती वरमली आणि म्हणाली, "आता न्हाई हात लावत. पट्टी पाहत जाते."

तुझे मेहुणे ह्या वेळी खोलीच्या आत आले आणि त्याला मांडीवर घेऊन बसले. पहिल्यांदाच.

तुझी,
बेबी

•

फ्रायबुर्ग,
२४ जानेवारी १९९०

बेबी,

तार केली आहे. दोरा ताबडतोब कापा, पट्टी फेका, बाळाला छातीशी धरा, जालन्याला न्या, एवढंच आहे तिच्यात. तार इंग्रजीत गेली, तीर्थपुरीचे पोस्टमास्तर वाचून सांगतील. फोनही लावून बघितला, सकाळपासून तीनदा, लाइन जालन्याच्या पुढं जात नाही. हे पत्र तारेच्या मागून येईल, तरी लिहितो, कारण हातावर हात ठेवून बसवत नाही.

ते रबर आहे, बेबी. रबर ओढलं जातं. ओढलं की आतली वेणी घट्ट होते. उबेनं होते तशीच. ओढलेली पट्टी गार अंगावरही हिरवी दिसते. उबदार अंगावर असेल तर निळी दिसते. आईनं गाठ मारली तेव्हा बाळाला ताप नव्हता. त्याला पाहिजे तेवढीच ऊब होती. तुम्ही त्याची गोधडी काढलीत, टोपडं काढलंत, आणि तो गार होत होत हिरवा झाला. मी सांगितलं होतं तसंच केलंत.

मला हे माहीत होतं. इथं आमची सगळी धडपड त्याच्यावरच चालते, ओढल्यावर रंग किती सरकतो त्याची मापं मी रोज घेतो. तुला लिहिताना ते डोक्यातच आलं नाही. मी म्हटलं चिकटपट्टीनं लावतील, ती कोण ओढणार. आणि नंतर मीच लिहिलं, कशानंही अडकवा.

अजून एक. प्राध्यापकांना मी विचारलंच नव्हतं. ते नको म्हणाले असते. माणसावर लावायला तपासणी लागते, दहा जणांनी दहा प्रश्न विचारले असते, आणि त्यातल्या एकानं तरी विचारलं असतं की ही ओढली गेली तर काय. मी कोणाला विचारू दिलं नाही.

तो रडत नाही म्हणजे शहाणा झाला नाही. त्याच्यात रडायची ताकद राहिली नाही. पावलं बर्फासारखी आहेत असं आई म्हणाली तेव्हा ती बरोबर होती. तुझ्या पत्रावर चौदा तारीख आहे आणि आज चोवीस. मी हे दहा दिवस मनातून काढूच शकत नाही. पण ही लहान लेकरं चिवट असतात, बेबी, मी वाचलं आहे, कितीतरी वाचतात. आईनं एखाद्या रात्री गपचूप कुशीत घेतलं असेल. तू घेतलं असशील. घेतलं असशील ना?

उत्तराची तार कर. एकच शब्द पुरे.

भुजंग

•

तीर्थपुरी,
२९ जानेवारी १९९०

ती. दादास,

तार मिळाली. त्याच्या आधीच तो गेला होता. अठरा तारखेला, सकाळी. तुला तार करायला कोणाला पाठवावं तर कोणता शब्द लिहायचा हेच मला सुचेना, म्हणून पत्रच लिहिते.

मी कुशीत घेत होते दादा, दूध पाजताना. पण पाजून झालं की पट्टी बघायची आणि परत पाळण्यात ठेवायची. त्या सकाळी मी पाजायला उचललं तर त्यानं तोंडच उघडलं नाही. मान लोंबली. मी आईला हाक मारली. आईनं मनगट बघितलं आणि म्हणाली, "हिरवी हाय. झोपलाय त्यो."

मी नाकाशी बोट धरलं, छातीला कान लावला. काही नव्हतं. आईनं त्याला माझ्याकडून घेतलं, मनगट मुठीत धरलं आणि बसून राहिली. थोड्या थोड्या वेळानं मूठ उघडायची आणि सगळ्यांना दाखवायची. तिच्या मुठीच्या उबेत ती पट्टी तशीच हिरवी. साळूबाई आली, मामा आले. उपकेंद्रातली नर्सबाई आली, तिनं तपासून मान हलवली. आई तिला म्हणाली, तुमाला कळत न्हाई, माझ्या लेकानं जर्मनीहून पाठवलीय. मंठ्याला माणूस गेलं, तुझे मेहुणे दुपारी पोचले. तोवर आई तशीच बसलेली. ते समोर येऊन उभे राहिले तर तिनं त्यांनाही मूठ उघडून दाखवली.

मला ते सहन झालं नाही. मी कोपऱ्यातली कात्री घेतली आणि दोरा कापला. पट्टी सुटली आणि आखडली. माझ्या तळहातावर, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत, तिचा रंग गेला आणि ती काळी पडली. मला तुझ्या रबरातलं काही कळत नाही, पण गाठ सुटल्यावर काळी पडली एवढं मी बघितलं. तुझी तार नंतर आली. मला तिची गरज नव्हती.

आईनंही ते बघितलं. पण तिनं वेगळंच धरलं. ती म्हणाली, "तू दोरा कापला आन् माझं लेकरू गेलं."

त्या दिवसापासून ती माझ्याशी बोलत नाही. भाकरी पुढं ठेवते, पाणी ठेवते. साळूबाईला सांगते की बेबीनं घाई केली, लेकरू जित्तं व्हतं. गावात पण तेच झालं आहे.

आता तुला एक सांगायचं आहे. तारेमागून तुझं पत्रही येईल. तारेत पट्टी फेका म्हटलंस ते पोस्टमास्तरांनी मला एकटीलाच सांगितलं. पत्र आलं की मी ते वाचून जाळून टाकीन. ह्यापुढं असं काही लिहू नकोस. तिनं गाठ मारली म्हणून झालं, हे तिला कळता कामा नये. दोन लेकरं गेली तेव्हा तिनं हाताला दोष दिला आणि हात लावायचं सोडलं. आता हे कळलं तर ती जगणार नाही. मी कापला म्हणून गेला, हे तिला सोसवतं, कारण राग धरायला मी समोर आहे. तर असू दे. मी सोसते. माझं दूध अजून थांबलेलं नाही, अंगातून आग निघते, त्यात हे काय मोठं.

तुझ्यावर माझा राग आहे का, ते विचारू नकोस. आहे. पण तो कुठं ठेवू ते कळत नाही.

बेबी

•

फ्रायबुर्ग,
९ फेब्रुवारी १९९०

ती. आईस भुजंगाचा साष्टांग नमस्कार.

हे पत्र बेबी तुला वाचून दाखवेल. तिनं एकही शब्द गाळू नये.

आई, मी पाठवलेली पट्टी नासकी होती. पहिल्यापासूनच. इथं मी तिच्या उरलेल्या तुकड्यांची परत परीक्षा घेतली तेव्हा कळलं. पहिले काही दिवस तिनं नीट काम केलं, नंतर ती आपोआप बिघडली. ती पोटावर लावली असती, मनगटावर बांधली असती किंवा पाळण्याला अडकवली असती, तरी हिरवीच दिसली असती. दोऱ्याचा त्यात काही संबंध नाही. तू बांधलीस म्हणून काही झालं नाही आणि बेबीनं कापली म्हणून काही झालं नाही. बेबीनं दोरा कापला त्याच्या कितीतरी आधी कडूबा गेला होता. काळी पडली ती बिघडलेली होती म्हणून पडली.

दोष कोणाला द्यायचा असेल तर तो मला दे. मी शिकलेला म्हणून तुम्ही माझं ऐकलंत. तू म्हणत होतीस पावलं गार लागतात, आणि मी इथं बसून तुला गप्प केलं. बेबीशी बोल, आई. तिला जवळ घे. तिचंही लेकरू गेलं आहे.

प्रयोगशाळेतलं माझं काम मी थांबवलं आहे. पुढं काय ते ठरलेलं नाही.

तुझा,
भुजंग

•

तीर्थपुरी,
२१ फेब्रुवारी १९९०

ती. दादास,

तुझं पत्र काल आलं. आई अंगणात उन्हाला बसली होती, तिथंच मी वाचून दाखवलं. तू सांगितलंस तसं एकही शब्द गाळला नाही. ती शेवटपर्यंत ऐकत होती. पट्टी नासकी होती हे वाचताना माझा आवाज चांगला ठाम होता. खोटं बोलायला मी तुझ्याइतकीच शिकले आहे.

वाचून झाल्यावर आईनं कमरेची पिशवी सोडली आणि सुपारीतून ती पट्टी काढली. मला वाटलं होतं ती त्या दिवशीच केरात गेली. तिनं पट्टीची दोन टोकं दोन्ही हातांच्या चिमटीत धरली आणि माझ्यासमोर ओढली. हिरवी झाली. सोडली. काळी झाली. परत ओढली, परत हिरवी. मी पत्र हातात धरून नुसती बघत होते.

"नासकी न्हाई ही," ती म्हणाली. "चांगली हाय. म्या तिसऱ्याच दिशी वढून पाह्यली."

तिला सगळं माहीत होतं, दादा. मी मंठ्याला जाईन का, परत येईन का, गाव काय म्हणतं, ह्या कशातच मी तिच्यापासून काही लपवत नव्हते, आणि जे लपवत होते ते ती कमरेला बांधून फिरत होती. मी विचारलं, मग मला का बोल लावलास? महिनाभर माझ्याशी बोलली का नाहीस? तिनं पट्टी परत एकदा ओढली. मग म्हणाली, "तू कापला म्हनलं की माझी गाठ कोणी इचारत नव्हतं."

मी तिच्याजवळ बसले. तिनं मला जवळ घेतलं नाही आणि दूरही केलं नाही. तुझं नाव मात्र काढलं. म्हणाली, भुजंगाला म्हणावं काम सोडू नगंस, पण पुढच्या बाईला सांग की बांधताना वढू नगं म्हणून. एवढं सांगितलं असतंस तर म्या सैल बांधली असती. हे तिनं रागानं म्हटलं नाही. रागानं म्हटलं असतं तर मला लिहायला सोपं गेलं असतं.

पट्टी ती आता कोणाला देत नाही. मी मागितली तर पिशवीत घालून गाठ मारली. दिवसातून कितीदा तरी काढते, ओढते, हिरवी होईपर्यंत बघते आणि सोडून देते. साळूबाई म्हणते, म्हातारी येडी होऊन राह्यली. येडी झालेली नाही. जेवायला हाक मारली की उठते, जेवते, गुराला पाणी दाखवते आणि परत उन्हाला जाऊन बसते.

तू आता पत्र पाठवू नकोस, दादा. खरं पण नको आणि खोटं पण नको. तू ये.

बेबी